हणमंतरावाचं लॉ कॉलेज

शब्द द्यायला सिद्रामप्पाला कधी वेळ लागला नाही. वेळ लागायचा तो निस्तरायला. उचलली जीभ, लावली टाळ्याला, आणि मग घरी येऊन बायकोच्या तोंडाकडे बघत बसायचं, हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. उदगीरच्या मोंढ्यात त्याची धान्याची अडत होती, आणि मोंढ्यात सगळं शब्दावर चालतं. तिथं 'दिला' म्हटलं की दिला. कागद मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. त्यामुळं मोंढ्यात त्याचं कधी अडलं नाही. अडलं ते लातुरात, भर स्टेजवर, हार गळ्यात असताना.

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष पुरं व्हायचं होतं. उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून लोक खुशीत होते. नवं कोर्ट आलं, नवे साहेब आले, पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. पाऊस तेवढा आला नव्हता. आदल्या साली त्यानं दगा दिला होता, आणि आता जून सरत आला तरी आभाळ कोरडं ठणठणीत. टँकरमागं धावता धावता लोक म्हणायचे, जिल्हा झाला, आता पाणी बी होईल. कसं होईल, ते मात्र कोणी सांगत नव्हतं.

अशा दिवसांत हणमंतराव अर्जनवीसानं लातुरात लॉ कॉलेज काढलं.

हणमंतराव हा सिद्रामप्पाचा लंगोटीयार. निजामाच्या राज्यात दोघांनी एकाच उर्दू शाळेत छड्या खाल्लेल्या. पुढं एक मोंढ्यात गेला, दुसरा उदगीरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसला. पस्तीस वर्षं त्यानं तिथं लोकांचे अर्ज लिहिले. अक्षर मोत्यासारखं, आणि कायदा तर असा पाठ की काळ्या कोटातले वकील बाहेर येऊन हळूच विचारायचे, "हणमंतराव, ह्याला कलम कोणतं लागेल हो?" तो सांगायचा, आणि वकील आत जाऊन तेच ठणकावून बोलायचे. जिल्हा लातूरला झाला तसा तोही टेबल उचलून तिकडं गेला. सहा महिन्यांत एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या गोदामावर पाटी चढली, 'नूतन जिल्हा विधी महाविद्यालय.'

उद्घाटनाला सिद्रामप्पा पहिल्या खुर्चीत. हणमंतराव कोट घालून, घाम पुसत उभा राहिला आणि म्हणाला, "आता ह्या कॉलेजात पयला प्रवेश कोनाचा?" पोरं खाली बघायला लागली, बाप पोरांकडं बघायला लागले. मित्राचं ते पडलेलं तोंड सिद्रामप्पाला बघवेना. उठला आणि ओरडला, "माझ्या सुनेचा! शिवगंगेचा! लिवा नाव!"

टाळ्यांनी पत्रे वाजले. पाठोपाठ अकरा पोरांनी नावं दिली. हणमंतरावानं स्टेजवर मिठी मारली आणि सगळ्यांसमोर रडला. सिद्रामप्पाही रडला. परतीच्या एसटीत मात्र त्याला एकदम घाम फुटला, कारण बायकोला, गुरम्माला, अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

शिवगंगेचं म्हणाल तर तिला वकीलच व्हायचं होतं. बी.ए. झाल्यापासून दोन वर्षं ती हाच धोशा लावून होती. नवरा संगप्पा अडतीवर बसणारा, कमी बोलणारा. त्याचं म्हणणं एवढंच की, "शिकू द्या तिला. घरात वाद तसा बी तीच जिंकती." सिद्रामप्पाचा जीव सुनेवर. पोटची पोर नव्हती त्याला, तर तिलाच त्यानं पोर करून टाकलं होतं. पेपर तिनं वाचून दाखवावा, चहा तिनं द्यावा, मोंढ्यातली भांडणं तिला सांगावीत आणि चूक कोणाची ते तिनं ठरवावं. आडवी होती ती गुरम्मा. सून घराबाहेर राहून शिकणार, ही कल्पनाच तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

गुरम्मा चिडली की कानडीत शिरायची. त्या रात्रीच्या जेवणाला तिनं नवऱ्याला "सुम्न कूड्री!" म्हणून गप्प बसवलं आणि सुनेला समोर बसवलं.

"शब्द ह्यांनी दिलाय, तो मोडता येत न्हाई," ती म्हणाली. "पन माझा बी शब्द ऐक. तीन वर्षं. तीन वर्षांत काळा कोट घालून दारात आलीस तर मी सोता ओवाळीन तुला, गल्ली बोलवून. न्हाई आलीस तर वकिलीचं नाव ह्या घरात पुन्यांदा काढायचं न्हाई. हाय कबूल?"

"कबूल, आत्याबाई," शिवगंगा म्हणाली, आणि आनंदानं सासूच्या पाया पडली. मग सासऱ्याच्याही पडली. सिद्रामप्पाला वाटलं, जग जिंकलं. लातुरात आपली बहीण राहते, पोरगी तिच्याकडं राहील, दर शनिवारी घरी येईल, आणि तीन वर्षांत काम फत्ते.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी शिवगंगा चहा घेऊन आली ती कॅलेंडरचं एक फाटकं पान हातात धरून. पाठीमागं तिनं बारीक अक्षरात काही लिहिलं होतं.

"मामा, कॉलेजचं माहितीपत्रक वाचलं मी. त्याच्यात विद्यापीठाचं नावच न्हाई."

"मग?"

"परीक्षा कोण घेणार? विद्यापीठ घेणार का हणमंतकाका घेणार? आन् काकांनी घेतली तर त्या पदवीवर बार कौन्सिल सनद देईल का? सनद न्हाई तर कोर्टात उभं राहता येत न्हाई, मामा. तीन वर्षं शिकले तरी न्हाई."

सिद्रामप्पाचा पारा चढला. "अगं, हणमंता हाय तो! त्याला कागद मागू? पन्नास वर्षांची दोस्ती, आन् मी इचारू, का रे बाबा, तू खरा का खोटा?"

शिवगंगा घाबरणारी नव्हती. ओसरीच्या कोपऱ्यात अडतीवरची, पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार नळी टेकवलेली असायची, तिच्याकडं तिनं बोट दाखवलं. "माल सख्ख्या भावाचा आला तरी तुमी नळी खुपसता की. तवा भाऊ चोर ठरतो का?"

सिद्रामप्पा फणफणला, चहा अर्धा टाकला, आणि मग ते पान घडी करून खिशात घातलं. "इचारतो," म्हणाला. जाताना शिवगंगेनं मागून सांगितलं, "मामा, नांदेडच्या सरकारमान्य कॉलेजची शेवटची तारीख तीस जून हाय. लवकर या."

दुसऱ्या दिवशी तो लातुरात उतरला. गोदामासमोर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती. बाया कोणी नव्हत्या, नुसत्या घागरी, गळ्याला चिंध्या बांधलेल्या, म्हणजे कोणाची कोणती ते कळावं. आत बारा खुर्च्या, एक फळा, आणि हणमंतराव फळ्यापुढं उभा. दिवाणी दावा म्हणजे काय ते सांगत होता. सिद्रामप्पा मागं बसला तो तासभर हललाच नाही. हणमंतरावानं बांधाच्या भांडणापासून सुरू केलं आणि हातोहात कायद्यापर्यंत आणून पोचवलं. पोरं वही विसरून ऐकत होती. सिद्रामप्पाला मनातून वाटलं, ह्याच्यावर नळी कसली खुपसता लेको!

तास संपला. चहा आला, भजी आली, जुन्या शाळेतल्या मास्तरांच्या नकला झाल्या. खिशातलं पान तीनदा हाताला लागलं आणि तीनदा सिद्रामप्पानं हात बाहेर काढला. शेवटी एसटीची वेळ झाली तेव्हा कसंबसं बोलला, "हणमंता, ते मान्यतेचं काय करून राहिलास?"

"येनारच हाय की!" हणमंतराव म्हणाला, आणि त्याला दाराशी घेऊन गेला. "ह्या घागरी बघ. टँकर कुठं आलाय? पन रांग लागली का न्हाई? ज्यानं घागर लावली त्याचा नंबर पक्का. जिल्हा झाला, कोर्ट झालं, उद्या कॉलेजला मान्यता देताना सरकार बघेल, पोरं कुठं बसलेली हायेत? आपली आधीच बसलेली."

सिद्रामप्पाला हे इतकं पटलं की त्यानं मांडीवर थाप मारली. दुष्काळात राहणाऱ्या कोणालाही पटलं असतं. घरी येऊन त्यानं सगळ्यांना बसवून घागरींची गोष्ट सांगितली, हातवारे करून. "झालं! आता डोक्यातला किडा काढा."

शिवगंगा म्हणाली, "टँकर न्हाई आला तर घागर उचलून घरी आणता येती, मामा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावता येती. माझी वर्षं कुठून आणू?"

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. रडली असणार, कारण भांडी फार हळू वाजत होती. सिद्रामप्पा चिडला. सुनेवर चिडला, दुष्काळावर चिडला, सरकारला शिव्या दिल्या, आणि सगळ्यात शेवटी म्हणाला, "लई शानी झाली!"

"शानी हाय म्हनूनच पाठवायलाव ना?" गुरम्मा म्हणाली. ती दिवाबत्ती करत होती. कपाळावरची विभूती सारखी करत नवऱ्यासमोर येऊन बसली. "एक इचारू? खरं सांगाल? हीच शाळा नांदेडला असती, आन् नांदेडची लातुरात, तर तुमी कागद बघितला असता का न्हाई?"

सिद्रामप्पा दिव्याची वात उगाच सारखी करायला लागला.

"तुमाला ती जवळ पायजे," गुरम्मा म्हणाली. "शनवारी येईल, पेपर वाचील. नांदेडला गेली तर दिवाळीला येईल. म्हनून लातूरचं सगळं गोड लागायलंय तुमाला."

"आन् तुझं काय जातंय?" तो खवळला. "तुला तर ती हरलेलीच पायजे!"

"हाव, पायजे!" गुरम्माचा आवाज चढला. "मला ती घरात पायजे. पन मी अट घातली ती खरी अट हाय. ती सोता हरली तर हरली. पोरीला फसवून हरवायचं, आन् तिनं जन्मभर सासूनं जिंकलं म्हनावं? आसलं जिंकनं मला नको."

सिद्रामप्पाला त्या रात्री झोप लागली नाही. लाज वाटत होती. मित्रावरच्या मायेनं आपण डोळे झाकले असं तो स्वतःला सांगत होता, आणि गुरम्मानं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. सकाळी मोंढ्याचा लिलाव, पुढच्या दिवशी सोयरिकीतलं लग्न, असं करत त्यानं आणखी दोन दिवस काढले. माणूस भित्रा नव्हता, पण ह्या एका गोष्टीचं त्याला भ्याव वाटत होतं. शेवटी एक जुलैला तो उठला, आंघोळ केली, आणि शिवगंगेला म्हणाला, "पोरी, चल. तुझ्यासमोर इचारतो."

"तारीख गेली, मामा," ती म्हणाली. "काल होती."

"चल म्हनतो ना!"

हणमंतराव लातुरात टेबलाशी बसून उद्याच्या तासाची तयारी करत होता. सुनेला बघून खुलला. "या, पयला नंबर!" सिद्रामप्पानं चहा नको म्हटला. खिशातून पान काढलं आणि उभ्या उभ्या एकेक प्रश्न वाचला. विद्यापीठाची संलग्नता हाय का? बार कौन्सिलची मान्यता हाय का? परीक्षा कोण घेणार? सनद मिळणार का?

हणमंतरावाचं तोंड लाल झालं. "अर्ज केलाय मी."

"उत्तर आलं?"

"येईल."

"आलं का?"

"सिद्राम!" हणमंतराव उभा राहिला. "तू मला कागद मागून राहिलास? तू? तुझ्या लग्नाची पत्रिका मी लिवली. तुझा बाप गेला तवा तार मी केली. गावानं इचारलं असतं तर समजलो असतो. माझ्याएवढा कायदा ह्या जिल्ह्यात कोन शिकवतो, नाव सांग एक!"

"कोनी न्हाई," सिद्रामप्पा म्हणाला. "मी बसलो तुझ्या तासाला. कोनी न्हाई तुझ्यासारखा. पन मला एक सांग. पस्तीस वर्षं तू कोर्टाच्या बाहेर कामून बसलास?"

हणमंतरावानं पेनाचं टोपण घट्ट केलं.

"कायदा येत नव्हता म्हनून?"

"कायदा आतल्यापेक्षा जास्त येत होता."

"मग?"

हणमंतराव टेबलाकडं बघत होता.

"सनद नव्हती," तो म्हणाला.

"मग माझ्या पोरीला बी लिंबाखालीच बसवतोस का रे?"

बोलला आणि सिद्रामप्पाला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पन्नास वर्षांत मित्राला एवढं लागेल असं तो कधी बोलला नव्हता. शिवगंगेनं "मामा!" म्हणून त्याचा हात धरला. हणमंतराव खाली बसला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"नांदेडची तारीख कधी हाय?" त्यानं विचारलं.

"काल गेली, काका," शिवगंगा म्हणाली.

"गेलेल्या तारखेवरच तर पोट भरलंय माझं." त्यानं कोरा कागद घेतला, डाव्या हाताला समास सोडला आणि लिहायला लागला. एकदाही खाडाखोड केली नाही. लिहून झाल्यावर नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला घेतलं, कारण अर्जदारानं अर्ज आपल्या कानानं ऐकल्याशिवाय सही करायची नाही, हा त्याचा नेम होता.

"माननीय प्राचार्य साहेबांच्या सेवेशी. विनंती अर्ज करण्यात येतो की, सदर विद्यार्थिनीने प्रवेशास विलंब केलेला नाही. विलंब मी करविला आहे. मी चालवीत असलेल्या विद्यालयास..." इथं तो थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. मग शिवगंगेनं हळूच कागद आपल्याकडं ओढला आणि उरलेलं तिनं वाचलं. "विद्यापीठाची संलग्नता नाही व बार कौन्सिलची मान्यता नाही, हे मला ठाऊक असून मी तिला सांगितले नाही. चूक सर्वस्वी माझी आहे. तिचे वर्ष वाया जाऊ नये, ही हात जोडून विनंती."

खाली त्यानं आपली सही केली. शेजारी तिची घेतली. मग दाराकडं तोंड करून त्यानं बाहेर बसलेल्या पोरांना हाक मारली, "आत या रे सगळे. एकेकानं नाव सांगा, बापाचं नाव सांगा. अर्ज लिवायचेत."

सिद्रामप्पाला तिथं थांबवेना. शिवगंगा वाकून हणमंतरावाच्या पाया पडली आणि दोघं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी संगप्पा, शिवगंगा आणि सिद्रामप्पा नांदेडला गेले. कारकुनानं तारीख बघून अर्ज घ्यायलाच नकार दिला. सिद्रामप्पानं आवाज चढवला, कारकुनानं त्याहून चढवला, आणि त्या गोंगाटानं प्राचार्य स्वतःच बाहेर आले. त्यांनी तिघांना आत बोलावलं. आत आणखी चार प्राध्यापक बसलेले होते. प्राचार्यांनी अर्ज वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"असा अर्ज मी पाहिला नाही कधी," ते म्हणाले. "कोणत्या वकिलानं लिहिला हा?"

सिद्रामप्पा सांगणार होता, वकील न्हाई साहेब, अर्जनवीस हाय. पण शिवगंगा त्याच्या आधी बोलली.

"माझ्या सरांनी."

"ते कुठं शिकले?"

"त्यांना शिकायला कॉलेज मिळालं न्हाई, सर," ती म्हणाली. "पण मला लॉ त्यांनीच पहिल्यांदा शिकवलं. ह्याच अर्जातून."

प्राचार्यांनी चार प्राध्यापकांकडं बघितलं. मग पेन काढून कागदाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या आणि कारकुनाला हाक मारली. सिद्रामप्पा खिडकीकडं तोंड करून उभा राहिला, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि चार प्राध्यापकांसमोर अडत्यानं रडणं काही बरं दिसत नाही.

संगप्पा बायकोच्या राहण्याची सोय बघायला मागं थांबला. निरोप घेताना शिवगंगा म्हणाली, "मामा, पेपर आता आत्याबाईंना वाचायला लावा." सिद्रामप्पा म्हणाला, "तिला वाचता आलं असतं तर तिनं मला कवाच हरवलं असतं." हसला, आणि वळून भरभर चालायला लागला, मागं न बघता.

एसटी स्टँडवर उदगीरची गाडी लागलेली होती. सिद्रामप्पा ती सोडून लातूरच्या गाडीत बसला.

गोदामात हणमंतराव एकटाच होता. टेबलावर लिहून झालेले अर्ज एकावर एक ठेवलेले. पाटी त्यानं उतरवून भिंतीला लावली होती. सिद्रामप्पाला बघून तो उठला नाही.

"घेतलं?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

"बरं झालं." त्यानं अर्ज सारखे केले. "काय म्हनले प्राचार्य?"

"इचारलं, कोन्या वकिलानं लिवला अर्ज."

"मग तू काय सांगितलंस? अर्जनवीस?"

"मी काईच न्हाई सांगितलं. शिवगंगा बोलली. म्हनली, माझ्या सरांनी."

हणमंतरावानं हातातला कागद खाली ठेवला.

"सर म्हनली?"

"हाव."

"काका न्हाई म्हनली?"

"न्हाई. सर म्हनली. प्राचार्यासमोर. आनखी चार प्रोफेसर बसलेले होते, त्यांच्यासमोर."

हणमंतरावानं चष्मा काढला, तो पुसायचं विसरला, नुसता हातात धरून बसला. मग शेजारची खुर्ची पायानं पुढं सरकवली.

"बस," तो म्हणाला. "पयल्यापासून सांग, सिद्राम. तुमी आत गेलात, मग?"

सिद्रामप्पानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागला.